क्रिसान्थी राणीची सांडशी

मित्रांनो, तुम्ही मला पाहिलेत तर म्हणाल, ही तर अक्रोड फोडायची सांडशी. खरे आहे. या बेटावरच्या मठात मी कित्येक वर्षे अक्रोडच फोडते आहे. पण माझ्या जबड्याच्या आतून एकदा बोट फिरवून पाहा. खरखरीत लागेल. तिथे कानस चालली आहे. तिथे एका राणीचे नाव होते, आणि त्या नावाने डॅन्यूब नदीपासून सीरियाच्या डोंगरांपर्यंत हुकूम जात असत.

माझे आयुष्य म्हणजे तिचेच आयुष्य. म्हणून मी सांगणार आहे ते बहुतेक तिच्याबद्दलच.

कॉन्स्टँटिनोपलला राजवाड्याच्या मागच्या आळीत थॅडिओस नावाचा एक कारागीर होता. त्याने मला घडवले. लांब दोन दांडे, मध्ये जाड खिळा, आणि तोंडाशी समोरासमोर दोन गोल चकत्या. हुकुमाच्या कागदाला रेशमी दोरा बांधायचा, तो दोरा शिशाच्या गोळीतून ओवायचा, ती गोळी माझ्या जबड्यात धरायची आणि वरून हातोडीचा एक घाव घालायचा. शिसे चेपते आणि दोन्ही बाजूंना शिक्का उठतो. तो तोडल्याशिवाय कागद उघडत नाही. हे माझे काम.

त्या वसंतात तापाने सम्राट गेला होता. मागे राहिला पाच वर्षांचा मुलगा निकेतास आणि चोवीस वर्षांची त्याची आई क्रिसान्थी. मुलगा मोठा होईपर्यंत कारभार आईने पाहायचा असे ठरले. राणी स्वतः थॅडिओसच्या दुकानात आली. असे कुणी येत नसे. तिच्याबरोबर तिची दाई मरूला होती. कापादोकियाच्या डोंगराळ मुलुखातून, राणीच्या माहेराहून ती पाठराखीण म्हणून आली होती आणि परत गेलीच नव्हती.

हातोडीच्या आवाजाने थॅडिओस पार बहिरा झालेला. त्यामुळे तो ओरडूनच बोलायचा.

"नाव कुणाचं वर घालू?"

"मुलाचं," राणी म्हणाली. "खाली माझं."

"काय?"

"मुलाचं वर! माझं खाली!"

"राज्य तुम्ही करणार आणि नाव त्याचं वर?"

"अरे बहिऱ्या, जरा हळू," मरूला म्हणाली. "पलीकडच्या किनाऱ्यावर ऐकू जाईल."

राणी हसली. नवरा गेल्यानंतर ती पहिल्यांदाच हसली असावी, कारण मरूलाने चटकन तिच्याकडे पाहिले. मग राणी थॅडिओसच्या कानाशी वाकून म्हणाली, "हे राज्य मी सांभाळायला घेतलंय. माझं नाही ते." थॅडिओसने मान हलवली आणि उलटी अक्षरे कोरायला घेतली. एका बाजूला देवमाता आणि तिचे बाळ. दुसऱ्या बाजूला वर निकेतास, खाली क्रिसान्थी.

सुरुवातीला मी चिटणिसांच्या कचेरीत असे. पण पहिल्याच हिवाळ्यात एक प्रकार घडला. एका खेड्यातली माणसे रडत राजवाड्याशी आली. सैन्यासाठी म्हणून त्यांचे सगळे बैल हाकून नेले होते. हुकुमावर शिक्का राणीचा होता, आणि राणीने तो हुकूम कधी पाहिलाच नव्हता. कोणा कारकुनाने परस्पर मला वापरले होते. त्या दिवसापासून राणीने मला चामड्याच्या पिशवीत घालून आपल्या खोलीत ठेवले. शिक्का मारायचा तो तिने स्वतः.

दरबारी बायका पदराआड हसत. "लोहाराच्या घरची असेल," म्हणत. तिच्या बोलण्यातल्या डोंगराकडच्या हेलाची नक्कल करत. तिच्या उजव्या तळहाताला घट्टे पडले. ती ते लपवत नसे.

गेरासिमोस नावाचे वयस्कर चिटणीस होते. ते प्रत्येक हुकूम पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत तिला वाचून दाखवत. मध्येच ती थांबवी. "हे कुणाबद्दल आहे? त्याला बोलवा. मला तो माणूस बघायचाय." मानकरी कंटाळत. दिवसाला चाळीस हुकूम निघायचे ते दहा निघू लागले. पण त्या दहांबद्दल कुणी रडत आले नाही, हे मी सांगू शकते.

निकेतास मेजाखाली खेळत असे. वाया गेलेल्या शिशाच्या चकत्या तो रांगेत मांडायचा आणि म्हणायचा, "हे माझं सैन्य. आई, तुझं सैन्य कुठे आहे?" ती खाली वाकून म्हणायची, "तूच की." तो लगेच कमरेवर हात ठेवून उभा राहायचा. त्याचे डोके मेजाला आपटायचे. मग दोघेही हसायची.

तो काळ माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला. एका वर्षी धान्याची गलबते वादळात अडकली आणि शहरात पाव मिळेनासा झाला. तेव्हा राणीने राजवाड्याची कोठारे उघडली आणि स्वतःच्या ताटातही जवाची भाकरी वाढायला लावली. रथांच्या शर्यतीच्या मैदानात हजारो लोक तिच्या नावाने ओरडले. तो आवाज खिडकीतून मलाही ऐकू आला.

आता कोस्मासबद्दल सांगते. कोस्मास म्हणजे राणीचा दीर, सम्राटाचा धाकटा भाऊ. देखणा, बोलका, घोड्यावर बसला की बघत राहावे असा. निकेतासला त्यानेच घोड्यावर बसायला शिकवले. मुलाचे काकाशिवाय पान हलत नसे. कारभाराच्या सहाव्या वर्षी याच काकाने पहारेकऱ्यांना फितवले. सणाच्या मिरवणुकीत, चर्चच्या पायऱ्यांवर मायलेकांना धरायचे आणि आपण गादीवर बसायचे, असा बेत होता. एका पहारेकऱ्याला राहवले नाही. त्याने मरूलाच्या कानावर घातले. बेत फसला. कोस्मास पकडला गेला.

सगळ्या मानकऱ्यांचे एकच म्हणणे पडले: डोळे काढा. आंधळ्याला गादीवर बसता येत नाही, म्हणून तिथे अशा माणसाला जिवंत ठेवून आंधळे करत. हुकूम तयार झाला. शिसे शेगडीवर कोमट करून माझ्या जबड्यात ठेवले गेले. राणीच्या हातात हातोडी होती.

"त्याला बोलवा," ती म्हणाली.

"महाराणी, आता बोलावून काय करायचं?" गेरासिमोस म्हणाले.

"बोलवा."

कोस्मासला आणले. हात बांधलेले, तरी चेहऱ्यावर हसू.

"वहिनी, मारा शिक्का," तो म्हणाला. "तुमच्या जागी मी असतो तर इतका वेळ लावला नसता."

"ठाऊक आहे मला."

"मग कशाची वाट बघताय?"

राणी त्याच्याकडे बघत राहिली. बराच वेळ. मग म्हणाली, "निकेतासचे डोळे तुझ्यावर गेलेत."

कोस्मासचे हसू तेवढ्यापुरते मावळले. राणीने हातोडी खाली ठेवली आणि माझ्या जबड्यातले शिसे काढून घेतले. नवा हुकूम लिहिला गेला: कोस्मासने दूर डोंगरातल्या मठात राहावे, शहरात पाऊल टाकू नये. त्यावर शिक्का मारताना तिचा हात हलका होता. मला कळले ते.

मरूला मात्र दोन दिवस तिच्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "डोंगरात पाठवलास खरा, पण पाय शाबूत आहेत त्याचे. चालत येईल तो."

"येईना का," राणी म्हणाली. "तेव्हाचं तेव्हा बघू."

निकेतास सोळा वर्षांचा झाला. ओठावर मिसरूड आली. बरोबरीची मुले त्याला चिडवत. "आईला विचारून आलास का?" असे शिकारीला निघतानाही विचारत. तो घरी येऊन धुमसत बसे. आई हुकूम वाचायला बसवायची तेव्हा जांभया द्यायचा. एक दिवस तो म्हणाला, "आई, काकांना परत आण."

"त्यांनी काय केलं होतं, आठवतंय ना?"

"दहा-अकरा वर्षांचा होतो मी. मला एवढंच आठवतं की ते गेल्यापासून माझ्याशी कुणी खेळलं नाही."

मित्रांनो, राज्याच्या कामात ती कुणाचे ऐकत नसे. पण हे तिला झेपले नाही. महिनाभर तिने टाळले, मग माफीचा हुकूम लिहायला सांगितले. गेरासिमोस वाचताना दोनदा थांबले. तिने पुढे वाचा म्हणून खूण केली. शिक्का तिनेच मारला. या हुकुमातल्या माणसाला तिने समोर बोलावले नाही. आपण त्याला ओळखतो असे तिला वाटले असावे.

कोस्मास आला. दाढी पिकलेली, बोलणे पूर्वीपेक्षा गोड. वर्षभर तो पुतण्याबरोबर घोडे फिरवत होता आणि एकच गोष्ट निरनिराळ्या तऱ्हेने सांगत होता. "नाव तुझं वर आहे म्हणे. पण सांडशी कुणाच्या खोलीत असते?"

तो दिवस मी विसरू शकत नाही. सकाळची प्रार्थना नुकतीच संपली होती. राणी खिडकीशी मरूलाकडून केस विंचरून घेत होती. निकेतास आत आला. त्याच्यामागे कोस्मास आणि चार पहारेकरी होते. शेवटी गेरासिमोस, पांढरेफटक. निकेतासच्या हातात गुंडाळलेला कागद होता. त्याने आईकडे न बघता मला पिशवीतून काढले.

"महाराज, मी एकदा वाचून दाखवतो," गेरासिमोस म्हणाले.

"नको," निकेतास म्हणाला.

"रिवाज आहे, महाराज. शिक्क्याआधी हुकूम..."

"नको म्हटलं ना!"

कोस्मास म्हणाला, "वहिनी, बेटावरच्या मठात तुमची सोय केली आहे. हवा चांगली आहे तिथली."

राणीने मरूलाच्या हातातला कंगवा काढून घेतला आणि खाली ठेवला.

निकेतासने शिशाची गोळी माझ्या जबड्यात धरली आणि घाव घातला. शिसे थंड होते. ते तडकले आणि दोरा तुटला. त्याने दुसरी गोळी घेतली. ती सटकून जमिनीवर घरंगळली. कोस्मास हसला. मुलाचे कान लाल झाले. त्याने तिसरी गोळी घेतली, पण दोरा आत जाईना.

मग राणी उठली. पहारेकरी पुढे सरसावले, पण ती मेजापाशी येऊन उभी राहिली.

"असं नाही रे," ती म्हणाली. "आधी शेगडीवर धर. फार नाही, हाताला सोसेल इतकंच गरम. हं. आता दोरा सरळ ओढ. सांडशी डाव्या हातात घट्ट धर, नाहीतर शिक्का तिरका येतो. आणि घाव एकच घाल. दोन घातलेस तर अक्षरं दुहेरी उमटतात."

त्याने एकच घाव घातला.

शिक्का स्वच्छ उठला होता. वर त्याचे नाव, खाली तिचे. तिने तो उलटून पाहिला आणि म्हणाली, "चांगला आलाय." मग तिने स्वतःच पायांतले राणीचे लाल जोडे काढले आणि भिंतीशी नीट जोडीने ठेवले. "मरूलाला बरोबर नेऊ?" एवढेच तिने विचारले. निकेतासने भिंतीकडे बघत होकाराची मान हलवली.

मी लोखंडाची आहे. मला रडता येत नाही. पण त्या दिवशी माझा खिळा ढिला झाला, तो पुन्हा पूर्वीसारखा बसला नाही.

पडलेल्या राणीचा शिक्का ठेवत नाहीत. माझी अक्षरे कानशीने घासून मला समुद्रात फेकावे, असा हुकूम गेरासिमोसना झाला. त्यांनी घासली. थॅडिओसने खोल कोरलेली अक्षरे लवकर जाईनात. म्हाताऱ्या चिटणिसांचे डोळे पाझरत होते आणि कानस चालत होती. मग त्यांनी मला फडक्यात गुंडाळून नावेकडे निघालेल्या मरूलाच्या हातात दिले.

"समुद्रात टाकायची आहे ही," ते म्हणाले. "बेट समुद्रातच आहे ना?"

अशी मी इथे आले.

इथे राणीचे केस कापले, काळे वस्त्र दिले आणि रिवाजाप्रमाणे नवे नाव ठेवले: क्सेनी, म्हणजे परकी. मठाच्या मोठ्या आई कडक होत्या, पण वाईट नव्हत्या. त्यांनी तिला स्वयंपाकघर दिले. ती मसुराचे कालवण करी, खारवलेले मासे धुवून ठेवी, आणि पानगळ सुरू झाली की अंगणातल्या अक्रोडांचा ढीग घेऊन बसे. माझे दांडे पुन्हा तिच्या हातात आले. घट्टे तेच होते.

आठवड्यातून दोनदा शहराकडून नाव येई. तीन वर्षांत तिच्यासाठी एकही पत्र आले नाही.

"लिहायला सवड नसेल," मरूला म्हणायची. "राजा आहे तो."

"त्याच्या दिमतीला चाळीस कारकून आहेत, मरूला."

"मग मेले चाळीसही आळशी असतील."

तिसऱ्या वर्षी अक्रोड उतरवायच्या दिवसांत नाव आली आणि धक्क्याकडून कुणीतरी ओरडत वर आले. राणी हात पुसत दारात गेली. दोन शिपाई एका तरुणाला दोन्ही बाजूंनी धरून चढण चढवत होते. त्याच्या डोळ्यांवर पट्टी होती. पट्टीवर डाग होते. पायरी आली की तो पाय उचलून हवेतच चाचपडायचा.

कोस्मास गादीवर बसला होता. ज्या हुकुमावर वहिनीने शिक्का मारला नव्हता, तोच हुकूम त्याने पुतण्याबद्दल काढला, आणि वेळ मुळीच लावला नाही.

"इथे ठेवायला सांगितलंय," शिपाई खाली बघत म्हणाला.

राणी पुढे झाली. तिने मुलाचा हात हातात घेतला. त्याने तिची बोटे चाचपली, तळहातावरचे घट्टे त्याला लागले, आणि तो तिथेच पायरीवर बसला.

बायकांच्या मठात पुरुषाला राहता येत नाही. मोठ्या आईंनी फाटकाबाहेरची माळ्याची खोली दिली आणि क्सेनीने दिवसभर तिथे राहायला हरकत नाही असे सांगितले. पहिले काही आठवडे निकेतास भिंतीकडे तोंड करून पडून असे. आई जखमा धुवी, भाकरी कुस्करून भरवी. तो एक शब्द बोलत नसे. ती त्याच्या उशाशी बसून अक्रोड फोडत राही, म्हणजे कुणीतरी जवळ आहे हे त्याला आवाजाने कळावे.

एका दुपारी तो म्हणाला, "आई."

"हं."

"त्या दिवशी काकांवर शिक्का मारला असतास तर?"

माझ्या दांड्यांवरचा तिचा हात थांबला. जबड्यात अक्रोड तसाच होता.

"तर तुझे डोळे राहिले असते," ती म्हणाली.

"मग का नाही मारलास?"

"तो समोर उभा होता रे. हात उठेना." थोड्या वेळाने ती म्हणाली, "चुकलं असेल माझं. सकाळी चूल पेटवताना वाटतं, चुकलंच. संध्याकाळी वाटतं, नाही, दुसरं काही मला जमलं नसतं. मग पुन्हा सकाळ होते."

"माझ्यावर राग नाही का तुझा?" त्याने विचारले.

"होता. नावेत होता. इथे आल्यावरही पहिलं वर्षभर होता."

"मला ठाऊक नव्हतं, आई. केस कापायचे, नाव बदलायचं, मरेपर्यंत ठेवायचं, असं त्यात लिहिलंय हे मला नंतर कळलं. काका म्हणाले होते, चार महिन्यांचा प्रश्न आहे."

"गेरासिमोस वाचून दाखवत होते ना?"

"म्हणूनच नको म्हटलं मी," निकेतास म्हणाला. "ऐकलं असतं तर शिक्का मारता आला नसता."

तिने मला बाजूला ठेवले आणि त्याचे डोके मांडीवर घेतले. एवढा मोठा एकोणीस वर्षांचा मुलगा, पाय खाटेबाहेर आलेले. मरूला दारात येऊन उभी राहिली होती. ती तशीच परत फिरली.

त्यानंतर चार वर्षे ती तिघे तशी राहिली. त्याला सुखाचे दिवस म्हणू नये, पण दिवस होते. निकेतास काठीने धक्क्यापर्यंत जाऊ लागला. पानगळीच्या दिवसांत तो मरूलाला अक्रोड निवडायला मदत करी. "राजा होतास तेव्हा एक अक्रोड कधी हातावर ठेवला नाहीस," ती म्हणायची, आणि तो हसायचा. त्याचे हसणे ऐकून राणी चुलीशी क्षणभर थांबायची.

चौथ्या हिवाळ्यात राणीला खोकला लागला आणि तो गेला नाही. ती फक्त बेचाळीस वर्षांची होती. शेवटच्या दिवशी तिने मुलाला विचारले, "जेवलास का?" तो हो म्हणाला. ते खोटे होते, पण तिचे समाधान झाले. दुपारी ती गेली. शहरातली एकही घंटा तिच्यासाठी वाजली नाही. थडग्यावर नाव कोरायचे तर क्सेनी एवढेच, कारण दुसरे नाव घ्यायची मनाई होती. निकेतास म्हणाला, "मग कोरूच नका." म्हणून तिथे साधा दगड आहे.

कोस्मासचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. तो पुष्कळ वर्षे राज्य करून म्हातारपणी आपल्या बिछान्यात मेला. मरूला राणीच्या मागोमाग वर्षभरात गेली. निकेतासही आता नाही. मी तेवढी आहे. जोगिणी मला वापरतात, वापरून झाले की चुलीमागच्या खुंटीला टांगतात. मी कोण होते हे त्यांना ठाऊक नाही.

मला घासूनपुसून ठेवा, असे मागणे मी मागत नाही. लोखंड आहे, गंजणारच. मागायचे ते दुसरेच आहे. मोठेपणी तुमच्या हातात कुणाचे तरी भलेबुरे येईल. राज्य नसेल, एखादी शाळा असेल, दुकान असेल, घर असेल. तेव्हा कागद शेवटपर्यंत वाचा, आणि वाचून दाखवणाऱ्याला नको म्हणू नका. राणीने माणसाला समोर बोलावले आणि तिला फार मोठी किंमत मोजावी लागली, हे मी लपवत नाही. तरीही सांगते.

कारण मित्रांनो, त्या सकाळी त्या खोलीत तो कागद मी अगदी जवळून पाहिला होता. त्यात काय आहे ते मला कळले होते. पण मला नुसता जबडा आहे. तो मिटतो, बोलत नाही. तुम्हाला बोलता येते. अशा वेळी खोलीत असाल, तर थांबा म्हणा.